सातुर्निनाचा नकार

लिओन्सियो भरल्या हातानं आला की सातुर्निना मनातल्या मनात घरातलं काय जाणार ते मोजायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत हा धाकटा दीर जेव्हा जेव्हा काही घेऊन आला, तेव्हा त्याहून मोठं काहीतरी घेऊन गेला होता. एकदा मेंढा, एकदा निलगिरीची तीन झाडं, एकदा माळ्यावरची चांगली तुळई. आज तो अंगणाच्या दगडी कुंपणाशी थांबला, टोपी काढली आणि काही मागायचं असलं की पुढं करायची ती चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी दोन्ही हातांत धरून आत आला.

मे सरत आला होता. बटाटा काढून झाला होता आणि अंगणात त्याचा ढीग पडला होता. सासू-सुना सकाळपासून निवडत बसल्या होत्या. बियाण्याचा एकीकडे, खायचा एकीकडे आणि थंडीत गोठवून सुकवायचा बारीकसारीक तिसरीकडे. सातुर्निना बटाट्यावरून अंगठा फिरवायची आणि न बघता बरोबर ढिगात टाकायची. सून नेलिदा प्रत्येक बटाटा डोळ्यांसमोर धरून उलटापालटा करायची आणि तरीही चुकायची.

“वहिनी, औंदा पीक बरं दिसतंय,” लिओन्सियो म्हणाला.

सातुर्निनानं पुढचा बटाटा उचलला.

“माजं वरलं रान म्हंजे निस्ती दगडं. त्यात खाणारी तोंडं सात. तुज्या घरात तुमी दोघी. तुजा ल्योक हिलारियो तर कॉफी तोडाया जंगलात गेलाय, नाताळाबिगर काय येत न्हाई. मी म्हन्तो, झऱ्याखालची पट्टी माज्याकडं दे. बा तर म्हनायचाच, ती दोगा भावांची हाय म्हनून.”

बा असलं काही म्हणत नव्हता. सातुर्निना सून म्हणून या घरात आली त्या वर्षी म्हाताऱ्यानं सगळ्या गावासमोर वाटणी केली होती आणि ती तिथं उभी होती. पण ती काही बोलली नाही. झऱ्याखालची पट्टी म्हणजे त्या घराचा जीव होता. डोंगरउतारावरच्या सगळ्या शेतांत तेवढ्या एका पट्टीत कोरड्या सालीही ओल टिकायची, आणि बियाण्याचा बटाटा फक्त तिथंच व्हायचा. ती गेली की दर साली बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

कांचापाम्पा गावात नकार द्यायची एकच रीत होती. पानं घ्यायची नाहीत, पाठ करून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मागणारा तीनदा विचारतो. तीनदा उत्तर आलं नाही की टोपी घालून जातो आणि पुन्हा तो विषय काढत नाही. जो बोलायला लागला तो, मग भले तो ‘नाही’ म्हणत का असेना, घासाघिशीला बसला असंच सगळे धरायचे. ज्याला खरोखर द्यायचंच नाही तो कशाला तोंड वाजवेल?

लिओन्सियोनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा सातुर्निना बसल्या जागी फिरली आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली. झालं, आता एकदाच विचारेल आणि जाईल, असं तिच्या मनात आलं न आलं तोच नेलिदा बोलली.

“पण काका, ती पट्टी तर हिलारियोच्या बाबांच्या वाटणीची आहे. तुम्हाला वरचं रान आणि गोठा मिळाला होता ना? हिलारियोनं सांगितलंय मला. मग आता परत कशी मागता?”

नेलिदा किनाऱ्यावरच्या बंदरात वाढलेली. आई डोंगरातली, म्हणून भाषा येत होती. पण माशांच्या कारखान्यात काम केलेलं, तिथं जो ओरडत नाही त्याची पाळी कोणीही घेतं. ती बोलली त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. आपण सासूची बाजू घेतली म्हणून तिचा चेहरासुद्धा जरा उजळला होता.

लिओन्सियोचा तर फारच उजळला. तो बटाट्याच्या पोत्यावर ऐसपैस बसला.

“अस्सं! आता कसं बोललीस, पोरी. बोलल्याबिगर कायबी सुटत न्हाई. बरं, समदी नगं. खालची अर्दी धर—”

सातुर्निना उठली, स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. खायला पाळून चुलीपाशी कोंडलेले गिनीपिग तिच्या पायांत चीं चीं करत फिरू लागले. बाहेर दिराचा गोड आवाज बराच वेळ चालू होता. मग तो गेला. पण विषय मिटवून गेला नाही, उघडा टाकून गेला.

ती बाहेर आली. सुनेनं सकाळपासून निवडलेले तिन्ही ढीग तिनं पायानं एकत्र केले.

“निवड पुन्ना.”

“मामाय,” थोरल्या बाईला तिकडं म्हणतात तसं नेलिदा म्हणाली, “मी काय चूक केली? मी खरं तेच—”

सातुर्निनानं तिची हनुवटी मातकट बोटांत धरली. “थोरल्यांच्या मधी पुन्ना त्वांड घातलंस तर त्येच त्वांड घिऊन बंदरावर जायाचं. कळलं?”

“पण काय बोलायचं नाही ते तरी सांगा ना. तुम्ही सांगतच नाही काही.”

“कळलं का?”

नेलिदा खाली बसून बटाटे निवडू लागली. डोळ्यांतलं पाणी तिच्या हातावर पडत होतं. सातुर्निनाला त्या पाण्याचा राग आला. सून घरात येऊन वर्ष झालं होतं आणि अजून तिचं ‘हे कसं करू, ते का करू’ संपत नव्हतं. सातुर्निनाला तिच्या सासूनं कधी काही सांगितलं नव्हतं. ती सासूच्या हातांकडे बघत राहिली आणि शिकली. मोठ्या माणसाला तोंडावर विचारणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं. ज्याला डोळे आहेत त्यानं विचारावं कशाला, असं तिला मनापासून वाटायचं.

तिकडं हिवाळा जूनमध्येच यायचा; थंडी पडली. बारीक बटाटे वरच्या माळावर पसरून ठेवायचे, रात्रीच्या हिवानं ते दगड व्हायचे, आणि ऊन वर आलं की मऊ पडायला लागायचे. मग अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं. आठ-दहा दिवस हेच चालायचं. सुकून हलके झालेले ते चुन्यो मग वर्षानुवर्षं टिकत.

पहिल्या दिवशी नेलिदानं विचारलं, “किती वेळ तुडवायचं?” सातुर्निना तुडवत राहिली. “टाचेनं की चवड्यानं?” सातुर्निना तुडवत राहिली. दुपारी सुनेच्या पायांना भेगा पडून रक्त आलं, आणि तिच्या वाट्याचा निम्मा बटाटा चेंदामेंदा होऊन गवतात चिकटला. शेजारच्या चौकोनात गावातलीच बासिलिया आपले बटाटे तुडवत होती. तिला असल्या गोष्टी दिसल्याशिवाय राहायच्या नाहीत.

“सातुर्निना, सून हाय का कोंबडी गं? पावलागनिक कुकूच कुकूच.”

“बंदरावरली हाय,” सातुर्निना म्हणाली. “तिथं माशे डब्यात भरत्यात. माशे काय बोलत न्हाईत, म्हून मानसं बोलत्यात.”

माळावरच्या बायका पोट धरून हसल्या. नेलिदा हसली नाही, रडलीही नाही. तिनं तोंड खाली घातलं ते घातलंच. दुसऱ्या दिवसापासून तिचं विचारणं बंद झालं.

सातुर्निनाच्या ते लक्षात यायला दोन दिवस लागले. सून आता तिच्या दोन पावलं मागं उभी राहायची आणि टाचांकडे बघायची. सासूची टाच वळली की हिची वळायची. सासू थांबून आभाळाकडे बघायची तेव्हा हीही बघायची. सातव्या दिवशी पहाटे सातुर्निना माळावर गेली तर पसरलेले बटाटे ढीग करून गवतानं झाकलेले. रात्रीतून ढग आले होते, आणि ढगाखाली बटाटा गोठत नाही, काळा पडतो. नेलिदा शेजारी घोंगडी गुंडाळून बसली होती आणि तिचे ओठ निळे पडले होते. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ढग बघितले होते आणि ती उठून आली होती.

सातुर्निनानं आपल्या खांद्यावरचं उबदार फडकं काढून दगडावर ठेवलं आणि कामाला लागली. गावातल्या कुठल्याही सुनेला कळलं असतं की याहून मोठी शाबासकी नसते. नेलिदा त्या फडक्याकडे बघत राहिली. ते आपल्यासाठी आहे की नुसतं काढून ठेवलंय, हे तिला कळलं नाही. तिनं ते घेतलं नाही, आणि विचारायचं तर ती आता विसरली होती. ‘घमेंडखोर’, सातुर्निना मनाशी म्हणाली.

जुलैत गावचा अध्यक्ष तेओदोसियो शाळेच्या भोंग्यावरून ओरडला. सरकार घरागणिक जमिनीचे कागद करून देत होतं. तालुक्याला माणसं आली होती, नकाशे आले होते. ज्याच्या शेताचा दिवस असेल त्यानं जायचं. मग तो सातुर्निनाच्या कुंपणापाशी आला आणि हळूच म्हणाला, “मामाय, झऱ्याखालच्या पट्टीवर लिओन्सियोनं नाव लावलंय. बुधवारी तुमचा दिस हाय. जाऊन त्येंच्या म्होरं नको म्हना.”

“म्हनते,” सातुर्निना म्हणाली.

तिला एका परीनं बरंच वाटलं. मे महिन्यात सुनेनं उघडी टाकलेली गोष्ट आता सरकारसमोर मिटणार होती. अंगणात दिलेला नकार लिओन्सियो विसरल्याचं सोंग करू शकला असता. कचेरीत दिलेला कसा विसरेल?

बुधवारी ती लग्नातली टोपी घालून सुनेला घेऊन निघाली. ट्रकमध्ये मेंढ्या होत्या, कांद्याची पोती होती आणि एका कोपऱ्यात लिओन्सियो होता. तालुका यायला तीन तास लागले. तिघांनी एकमेकांशी अक्षर काढलं नाही. घाट उतरताना नेलिदा एकदा पुढं वाकली. “मामाय, तिथं गेल्यावर—”

सातुर्निनानं नुसतं बघितलं. नेलिदा मागं सरकली.

कचेरी म्हणजे एक लांब खोली, भिंतीवर नकाशे, एक टेबल, आणि टेबलासमोर बाकं. साहेब तरणाच होता, पलीकडच्या खोऱ्यातला. डोंगरातली क्वेचुआ भाषा तर तो पाद्र्यापेक्षा चांगली बोलायचा. त्याचं सगळं सगळ्यांना समजत होतं. समोर येईल त्या बाईला तो ‘बसा, आजी’ आणि बाप्याला ‘या, तायता’ असं म्हणत होता. वाईट माणूस नव्हता. त्याच्यासमोर त्या दिवसाची चाळीस शेतं होती आणि चार वाजता त्याला खोली रिकामी करून द्यायची होती.

“कांचापाम्पा. झऱ्याखालची पट्टी.” त्यानं नकाशावर पेन्सिल टेकवली. “अर्जदार लिओन्सियो. कुणाची हरकत आहे का?”

सातुर्निना बाकावर सावरून बसली. लिओन्सियो तिच्यापासून चार हातांवर होता. तिनं हात मांडीवर ठेवले, सावकाश फिरली आणि टेबलाकडे, साहेबाकडे, दिराकडे, सगळ्यांकडे पाठ केली. तिच्यासमोर खिडकी होती आणि खिडकीबाहेर बाजारातली चर्चची भिंत. एवढ्या मोठ्या खोलीत, एवढ्या लोकांसमोर तिनं जन्मात कधी नकार दिला नव्हता.

साहेबानं मान वर केली. म्हातारी खिडकीबाहेर बघत होती.

“आजी, तुमच्या पण घरचं नाव आहे या गावच्या यादीत. तुमचं काही म्हणणं आहे का?”

दुसरी वेळ. सातुर्निनानं टोपी कपाळावर ओढली. शेजारी नेलिदाचे पाय हलले.

“साहेब,” नेलिदा म्हणाली.

सातुर्निनाचा हात न बघता गेला. तिनं सुनेचं मनगट पकडलं आणि नखं आत रुतेपर्यंत दाबलं. पोरगी पुन्हा घात करणार होती. तिसरी वेळ यायची होती. एका शब्दानं सगळं घासाघिशीवर आलं असतं.

“तुम्ही काही म्हणालात का?” साहेबानं नेलिदाला विचारलं.

खोलीत कुणीतरी खोकलं. नेलिदानं आधी सासूच्या पाठीकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे. तिथं चार बोटांखाली कातडी पांढरी पडली होती.

“नाही,” नेलिदा म्हणाली.

“मग कुणाचीच हरकत नाही?”

तिसरी वेळ. सातुर्निना चर्चची भिंत बघत होती. मागं पेन कागदावरून फिरल्याचा आवाज आला आणि मग शिक्का आपटला. तो आवाज तिला फार आवडला. गावात नकारावर कुणी शिक्का मारत नव्हतं.

ती वळली तेव्हा लिओन्सियो उठून उभा होता. तो चार वर्षं राजधानीच्या बाजारात हमाल होता आणि कचेऱ्यांची रीत त्याला ठाऊक होती. त्यानं टोपी फिरवत फिरवत जमिनीकडे बघून म्हटलं, “येतो, वहिनी.” तोंड वर केलं नाही. शरमला, सातुर्निनाला वाटलं. बरं झालं, शरमायलाच पाहिजे.

दाराशी भिंतीला एक कागद चिकटवला होता. नेलिदा त्याच्यापुढं थांबून वाचत होती. सातुर्निनानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. परतीचा ट्रक अर्ध्या वाटेवर सोडून त्या पायवाटेनं चढल्या, कारण सातुर्निनाला चालावंसं वाटत होतं. खिंडीत बसून तिनं फडकं सोडलं, भाजलेला मका काढला आणि चीज मोडलं. मोठा तुकडा तिनं सुनेच्या पुढं ठेवला. वर्षात पहिल्यांदा. नेलिदा समोरच्या डोंगराकडे बघत बसली आणि तिनं तो खाल्ला नाही. पोरीला डोंगराची हवा अजून मानवत नाही असं समजून सातुर्निनानं तो पुन्हा बांधून ठेवला.

ऑगस्ट संपता संपता तेओदोसियो पुन्हा कुंपणापाशी आला. या वेळी तो आत आला नाही.

“मामाय, कागद आले.”

“बरं.”

“झऱ्याखालची पट्टी लिओन्सियोच्या नावावर झालीया.”

सातुर्निना गवताचा भारा सोडत होती. ती सोडत राहिली. “म्या नकार दिलाय,” ती म्हणाली. “तीनदा. समद्यांनी बघितलंय.”

तेओदोसियोनं टोपी काढून डोकं खाजवलं. “त्येंच्या वहीत ‘हरकत नाही’ असं लिवलंय. तिथं, मामाय, गप ऱ्हायलं म्हंजे व्हय म्हनत्यात. मला वाटलं तुमाला... सून हाय की तुमची शिकल्याली. शिक्का झाल्यावरबी पंदरा दिस व्हते. जाऊन नुस्तं सांगायचं व्हतं. ते पन गेले.” तो निघून गेला.

नेलिदा चुलीपाशी सूप ढवळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सातुर्निना दारात उभी राहिली. तिला जे करायचं होतं ते तिनं आयुष्यात कधी घरातल्या धाकट्या माणसाशी केलं नव्हतं. ती विचारत होती.

“तुला ठावं व्हतं?”

“होतं.”

“ते पंदरा दिसबी?”

“भिंतीवर लिहिलेलं होतं. मी वाचत होते, तुम्ही ओढलंत.”

“मग घरला आल्यावर का न्हाई सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

सातुर्निनाचा हात वर गेला. नेलिदा मागं सरली नाही. तिनं पळी खाली ठेवली आणि बाही वर केली, जणू काही तिथं अजून काही दिसणार होतं.

“तुमची नखं आठ दिवस होती इथं. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग भाकरीला हात घालताना मनगट दिसायचं. वर्षभर तुम्ही मला एक शब्द दिला नाहीत, मामाय. मी गप्प बसायला शिकले. फार कष्टानं शिकले. आणि खरं सांगू? नवव्या दिवसापासून मनगट बरं होतं. तरी नाही सांगितलं. मला तुमचा राग आला होता. अजून आहे.”

“त्ये रान तुज्या नवऱ्याचं व्हतं.”

“माहीत आहे,” नेलिदा म्हणाली, आणि आता ती रडायला लागली. “माहीत आहे मला.”

सातुर्निनानं हात खाली घेतला. मारण्यात अर्थ राहिला नव्हता. त्या रात्री दोघींनी एकाच भांड्यातलं सूप दोन कोपऱ्यांत बसून प्यायलं.

सप्टेंबरात लागवड आली. लिओन्सियोनं एकमेकांच्या रानात राबायच्या रितीनं सहा पुरुष आणि सहा बाया बोलावल्या होत्या. त्यांत बासिलियाही होती. ऊन वर येता येता ते खांद्यावर पायनांगर घेऊन पट्टीत उतरले, आणि बघतात तर सातुर्निना पट्टीच्या मधोमध बसलेली. लग्नातली टोपी, पायांत टायरच्या चपला, पाठ त्यांच्याकडे.

पुरुष थांबले. बसलेल्या बाईच्या पाठीत कुणी नांगर घालत नाही. गावात असं कधी झालं नव्हतं. एकानं लिओन्सियोकडे बघितलं, एकानं ढेकूळ उचलून उगाच फोडलं. वरच्या बांधावर नेलिदा येऊन उभी राहिली होती.

लिओन्सियोही थांबला. मग त्यानं छातीवरच्या खिशाला हात लावला, आतला कागद कपड्यावरूनच चाचपला आणि म्हणाला, “तिच्या कडंकडंनं घ्या.”

नांगर सुरू झाले. दोन पुरुष एकदम पाय रोवायचे, फाळ मातीत जायचा, दांडा मागं ओढला की ढेकूळ सुटायचं आणि समोर गुडघ्यावर बसलेली बाई ते हातानं उलथायची. रोवा, ओढा, उलथा. सातुर्निनाला सगळं पाठीनं कळत होतं. ओल्या मातीचा वास आला, तोही तिच्याच पट्टीचा. पहिली सरी तिच्या डावीकडून गेली, दुसरी उजवीकडून. कुणी तिच्याशी बोललं नाही. तिला वाटलं होतं ते थांबतील. मग वाटलं, निदान बायका तरी थांबतील. पण बासिलियाच्या हातातलं ढेकूळ तिच्या झग्याच्या काठावर पडलं, आणि बासिलियानं ते उचलून बाजूला ठेवलं आणि पुढचं उलथलं.

दुपारपर्यंत पट्टी काळी झाली. मध्ये फक्त एक घोंगडीएवढा तुकडा न नांगरलेला राहिला होता आणि त्यावर ती होती. तिच्या गुडघ्यांना कळ लागली होती. तोंडात माती गेली होती. एवढ्या वेळात तिला एक गोष्ट स्पष्ट कळली होती. तिची पाठ आता कुणाला ऐकू येत नव्हती.

ती उठली आणि वळली.

“न्हाई,” ती म्हणाली.

आवाज फुटका निघाला. तिनं थुंकून माती टाकली आणि पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, अख्ख्या उताराला ऐकू जाईल असं. “न्हाई! ही पट्टी माजी हाय. देनार न्हाई!”

सगळे नांगर थांबले. पुरुषांनी दांड्यांवर हात टेकले. बायका टाचांवर बसल्या आणि त्यांनी झगे सावरून घेतले, एखादं बोलणं बराच वेळ चालणार असलं की सावरतात तसे. कुणाच्या तोंडावर भीती नव्हती की लाज नव्हती. उलट सगळ्यांना हायसं वाटलं होतं, आणि ते बघून सातुर्निनाच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

लिओन्सियो सऱ्या ओलांडत तिच्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. असती तर तिला सोपं गेलं असतं.

“बोललीस. लई बरं झालं, वहिनी,” तो म्हणाला. “बोलल्यावर मार्ग निगतो. मी काय वैरी हाय व्हय तुजा? मानसं साक्षीला हायतच. दर साली बियान्याची चार पोती तुज्या दारात आनून टाकीन. या पट्टीतली. बोल.”

वारा सुटला होता. सातुर्निनानं बांधाकडे बघितलं. नेलिदा तिथंच होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. ती आता काहीही बोलली असती तरी उपयोग नव्हता, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. आता गप्प बसावं, तर तो पोत्यांना नकार होता. तो नकार इथं, या माणसांत, अजून चालला असता. लिओन्सियोनं टोपी घातली असती आणि चार पोत्यांचं बोलणंसुद्धा परत घेतलं असतं. डिसेंबरात हिलारियो आला असता. पुढल्या साली पेरायला घरात एक बटाटा नसता.

बायका वाट बघत होत्या. बासिलियानं हातातली माती झाडली.

“सहा,” सातुर्निना म्हणाली.